मयताचा कापूस

मेलेल्या माणसाच्या गादीचं काय करायचं, हा प्रश्न काजळगावात पूर्वी कोणाला पडत नव्हता. मसणवट्याला लागून ओढा होता. त्यात नेऊन टाकायची, मागं वळून बघायचं नाही, की झालं. पुढच्या पुरात ती वाहून जायची आणि खालच्या गावाचं खालचं गाव बघून घ्यायचं. अहमदपूर आणि जळकोटच्या अधेमधलं हे गाव, धड शहर नाही आणि धड खेडंही नाही. पण ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, घंटागाडी आली, ओला कचरा-सुका कचरा आला, ओढ्याकाठी दंडाची पाटी लागली, आणि लोक मयताचं अंथरूण-पांघरूण गाडीत द्यायला लागले. गाडी दारातच येते म्हटल्यावर ओढ्यापर्यंत पाय कोण झिजवणार?

गाडीतलं हे सगळं यायचं जुन्या जकात नाक्यावर. तिथं नगरपंचायतीनं पुनर्वापर केंद्र काढलं होतं. भिंतीवर हिरव्या रंगात ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, पण गाव त्याला चिंध्याचं गोडाऊन म्हणायचं. गावाला काय, नावं ठेवायला कुठं पैसे पडतात! आत कापूस पिंजायचं मशीन होतं, दोन शिलाई मशिनी होत्या, बाटल्यांची पोती होती. जुन्या गाद्या उसवायच्या, कापूस उन्हात वाळवून पिंजायचा आणि त्याच्या लहान गाद्या, उशा करून अंगणवाड्यांना द्यायच्या. काम चांगलं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पूर्वी हाच कापूस उकिरड्यावर जळायचा आणि गावभर धूर व्हायचा.

हे केंद्र चालवायची महामाया मॅडम. नांदेडची पोर, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेली, स्कूटीवर गावभर हिंडायची आणि कोणी ओल्यात सुका टाकलेला दिसला की तिथंच गाडी उभी करून भांडायची. तीच एके दिवशी पिंजार गल्लीत हाजराबीच्या दारात आली. म्हणाली, “चाची, तुमच्या हाताला कला हाय अन् तुम्ही घरात बसून राहिलात. या की केंद्रावर.”

हाजराबी गेली. तिचा नवरा गुलाम रसूल हा या भागातला शेवटचा पिंजारी. खांद्यावर पिंजायची कमान टाकून गावोगाव फिरायचा. तो पिंजायचा आणि हाजराबी गादी भरून टाके घालायची. मग फोमच्या गाद्या आल्या, धंदा बसला, आणि काही वर्षांनी गुलाम रसूलही गेला. त्याची कमान घरात खुंटीला टांगलेली होती. हाजराबीला वाटायचं, आता आपणही अशाच टांगलेल्या. केंद्रावर पहिल्या दिवशी तिनं कापसात हात घातला तेव्हा तिला रडू आलं. बाया म्हणाल्या, धूळ गेली डोळ्यांत. तिनं ‘हाव, धूळच’ म्हणून पदरानं डोळे पुसले.

गुलाम रसूलचा एक नेम होता. मयताचा कापूस चाळीसावं होईस्तोवर, म्हणजे मरणाला चाळीस दिवस होईपर्यंत, पिंजायचा नाही. कोणी अशी गादी आणली की तो ती बाजूला ठेवायचा आणि कोणी कारण विचारलं तर एवढंच म्हणायचा, “राहू दे. माणूस एकदम जात न्हाई.” हा नेम कुठल्या किताबात होता की त्याच्या बापानं सांगितला होता, कोणास ठाऊक. हाजराबीनं तो केंद्रावरही चालवला, गुपचूप. घंटागाडीचा ड्रायव्हर मुज्तबा हा तिच्या दिराचा मुलगा. तो गाडी खाली करताना हळूच सांगायचा, “चाची, ही मय्यतवाली.” मग ती गादी मागच्या खोलीत जायची. हे फक्त साखराबाईला ठाऊक होतं. साखराबाई म्हणजे हाजराबीच्या शेजारच्या मशिनीवर बसणारी, जिभेनं तिखट आणि मनानं लोण्यासारखी. ती म्हणायची, “भाबी, तुमचा नेम पाळायचा बगा आपण. मॅडमला का सांगायचंय?”

श्रावणात एक गादी अशीच आली. शिवेवरच्या वस्तीतल्या अण्णाराव नावाच्या शेतकऱ्याच्या पुतण्याची. तरणा गडी काविळीनं गेला, असं मुज्तबानं सांगितलं. गादी जुनी, पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची आणि उशाकडच्या बाजूला हिरव्या लुगड्याचं ठिगळ. हाजराबीनं टाक्यांवरून बोट फिरवलं. टाके तिचेच होते. कधीकाळी, हात चपळ होते तेव्हाचे. तिनं ती मागच्या खोलीत नेऊन ठेवली.

आणि त्याच आठवड्यात ती तापानं पडली. ताप गेला तरी सांधे धरलेले, चहाची कपबशी उचलेना. इकडं लातूरहून स्वच्छता स्पर्धेची समिती तपासणीला येणार म्हणून केंद्रावर एकच धावपळ. महामाया मॅडमनं हुकूम सोडला: जुना माल एकही दिसता कामा नये, सगळं पिंजून भरून टाका. बायांनी कंबर कसली. मागची खोली रिकामी झाली, तिला चुना लागला, दारावर तोरण लागलं. समिती आली, फोटो काढले, चहा पिऊन गेली. हाजराबी परत आली तेव्हा मागची खोली आरशासारखी स्वच्छ होती आणि साखराबाई लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेलेली होती. हाजराबीनं दुसऱ्या बायांना विचारलं, “इथलं सामान?”

“सगळं पिंजलं की, चाची. काडी ठेवली न्हाई.”

हाजराबीनं रिकाम्या खोलीचं दार ओढून घेतलं. नेम मोडला, पण तिनं मोडला नव्हता, आणि ज्यांनी मोडला त्यांना नेम ठाऊक नव्हता. मनातल्या मनात तिनं त्या पोराची माफी मागितली आणि कामाला बसली.

मग धोंडाबाई आली.

बाजाराचा दिवस होता. दारात एक म्हातारी उभी राहिली. उन्हानं रापलेलं तोंड, पायात तुटक्या चपला, डोईवर पदर. शेतातनं थेट आली असावी, लुगड्याला कुसळं चिकटलेली. आत न येता तिथूनच म्हणाली, “रसूल पिंजाऱ्याची बायको तूच का गं?”

“हाव माय. या, बसा.”

“बसायला न्हाई आले. गादी न्यायला आले.”

हाजराबीनं हातातली सुई खाली ठेवली. म्हातारीनं पुढं सांगायच्या आतच तिला कळलं की ही कोण आणि गादी कुठली.

धोंडाबाईनं सांगितलं ते असं. शिवम तिचा एकुलता. नवरा लवकर गेला. दीर अण्णाराव कर्ता. शिवमला कावीळ झाली, आधी गावात औषध घातलं, मग उतार पडेना म्हणून लातूरला नेलं. तिला नेलं नाही. म्हातारं माणूस, तिथं काय करणार, असं म्हणाले. पोरगं गाडीतनं परत आलं ते गुंडाळूनच. दारात ठेवलं, लोकांनी घाई केली, तोंडावरून हात फिरवला न फिरवला तोच उचललं. तिसऱ्या दिवशी ती बघते तर त्याचा कोपरा रिकामा. सारवून काढलेला. मयताचं घरात ठेवू नये म्हणून अण्णारावनं सगळं घंटागाडीत दिलेलं.

“म्या काई म्हन्ले न्हाई तवा,” धोंडाबाई म्हणाली. “रीतच हाय ती. पर झोप येईना झाली मला. त्याच्या अंगाचा खड्डा पडलाय गं त्या गादीत. ल्हानपणापासून त्याच गादीवर निजला त्यो, एका कुशीवर. मधे हात घातला की कळतंय, हितं खांदा, हितं गुडघा. मला त्यात निजायचंय. येक डाव. मग ने म्हनावं कुठं न्यायची ती.”

मशिनीवरच्या बाया थांबल्या. हाजराबीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. धोंडाबाईनं तो घेतला नाही.

“तुझ्याच मालकानं भरलीया ती,” ती म्हणाली. “आमच्या रानातला कापूस, शिवमच्या जन्माच्या साली येचलेला. रसूलभाई अंगणात पिंजत व्हते अन् तू वसरीला बसून टाके घालत व्हतीस. तुला आठवत नसंल. उशाकडं फाटली तवा माझ्या लुगड्याचं ठिगळ लावलं म्या. हिरवं. ती गादी दे मला.”

आता तुम्हीच सांगा, काय म्हणावं माणसानं? हाजराबीनं खरं तेच सांगितलं. गादी उसवली, कापूस पिंजला, दुसऱ्या कापसात मिसळला आणि अंगणवाड्यांना गेला. सांगताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. धोंडाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच उंबऱ्यावर बसली. तिनं कोणाला शिव्या दिल्या नाहीत, ऊर बडवला नाही. फक्त म्हणाली, “म्हंजे दुसऱ्यांदा गेला म्हन की.”

हाजराबीला हे सोसलं नाही. तिला ठाऊक होतं हे दुखणं. गुलाम रसूलची गादी तिनं स्वतःच चाळीसाव्याला एका मुसाफिराला दिली होती, रिवाज म्हणून, आणि त्या रात्री फरशीवर हात फिरवत पडली होती. आपण मागू शकलो नाही ते ही बाई मागायला आली आहे. तिचं तोंड मनाच्या आधी बोललं.

“माय, थांबा. एक उशीपुरता कापूस म्या बाजूला काढून ठेवलाय. त्याच गादीतला.”

धोंडाबाईनं मान वर केली. “खरं?”

“खरं.”

“कापूस का, माझ्या रानात बी हाय. मला खड्डा पायजे व्हता,” धोंडाबाई म्हणाली. मग जरा थांबून, “पर त्याच्या अंगाखालचा हाय न्हवं? शिवमचाच?”

“शिवमचाच.”

“तुझ्या मालकाची आन घे.”

बाया हाजराबीकडं बघत होत्या. पिंजलेला कापूस कोणाचा कुठला, हे कोणाला सांगता येत नाही, हे तिथं बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. हाजराबीनं खाली बघितलं. म्हणाली, “त्यांची कसम, माय. शिवमचाच हाय.”

या अल्ला! मेलेल्या नवऱ्याची खोटी कसम. पण तोंडातून गेलं ते गेलं. तिनं ढिगातला कापूस घेतला, पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची खोळ केली, मशिनीवर न घालता हातानं पांढऱ्या दोऱ्यानं बारीक टीप घातली. म्हातारी समोर बसून एकेक टाका बघत होती. उशी हातात आल्यावर तिनं ती छातीशी धरली नाही की हुंगली नाही, काखेत मारली आणि बाजारातून सरळ वस्तीकडं चालायला लागली.

पंधरवड्यानं ती पुन्हा आली. हाजराबी दचकली. पण धोंडाबाईच्या ओच्यात चंदनबटवा होता, ताजा, दव न सुकलेला. “घे. भाजी कर लेकरायला,” ती म्हणाली. “झोप लागती गं आता मला. त्या उशीवर डोस्कं ठेवलं की लागती.” मग कधी शेंगा यायच्या, कधी ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा. यायची, उंबऱ्यावर बसायची, दोन गोष्टी बोलायची, जायची. आत कधी आली नाही. हाजराबी ती भाजी घरी न्यायची, शिजवायची, आणि तिच्या स्वतःच्या घशाखाली मात्र घास उतरायचा नाही. सून म्हणायची, अम्मी, मीठ कमी झालं का? हाजराबी म्हणायची, नाही गं, मीठ बरोबर आहे.

एक दिवस तिला वाटलं, झालं ते बरंच झालं. आपण खोटं बोललो, पण कोणाला तरी झोप लागली. खुदा समजून घेईल आणि गुलाम रसूल तर आधीच समजला असेल. तो जिवंतपणी कधी रागावला नाही, आता काय रागावणार? तिचं मन जरा हलकं झालं, आणि त्याच आठवड्यात साखराबाई नांदेडहून आली.

नातू झाल्याचे पेढे वाटले, बाळाचे फोटो दाखवले, जावयाला नावं ठेवली. मग हाजराबीला कोपऱ्यात ओढून म्हणाली, “भाबी, एक शाबासकी द्या मला. तुम्ही आजारी व्हता, हितं सगळ्या बाया भूत लागल्यावानी पिंजायलत्या. मागच्या खोलीतली ती मयताची गादी, हिरव्या ठिगळाची, म्या उचलली अन् माळ्यावर टाकली. जुन्या फ्लेक्सच्या मागं. कुनाला पत्ता लागू दिला न्हाई. तुमचा नेम मोडू दिला न्हाई म्या!”

हाजराबी तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. साखराबाईला वाटलं हिला ऐकू आलं नाही, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं.

दुपारी बाया जेवायला गेल्यावर दोघींनी शिडी लावली. फ्लेक्सच्या गुंडाळ्या बाजूला सारल्या आणि गादी खाली काढली. घडी उलगडून फरशीवर अंथरली. इतके दिवस घडीत राहूनही खड्डा गेला नव्हता. मधे एका कुशीवर निजलेल्या माणसाची जागा होती, खांद्याकडं खोल, कमरेला उथळ, गुडघ्याकडं पुन्हा खोल. हाजराबीनं त्यात हात ठेवला. जन्मभर तिनं असे खड्डे बघितले होते आणि गुलाम रसूलनं ते मोडले होते. त्याचीच तर मजुरी होती. पण हा हात तिला उचलेना.

तिनं साखराबाईला सगळं सांगितलं. उशी, कसम, चंदनबटवा. साखराबाईचं तोंड एवढंसं झालं.

“आगं माय,” ती म्हणाली. “म्या सांगायला पायजे व्हतं. फोन तर करायचा व्हता. म्हन्लं, तुम्ही आजारी, कशाला तरास द्यावा.”

“तुमची काय चूक? तुम्ही तर वाचवली.”

“मग आता देऊन टाका की तिला.”

“कोन्त्या तोंडानं? मालकाची खोटी कसम घेतली म्या. तिला झोप लागून राहिली त्या उशीवर. गादी घेऊन गेले की उशी खोटी पडली. तिचे एवढे दिवस खोटे पडले.”

साखराबाईनं विचार केला. “मग राहू द्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. खोटी का असंना, बुढीला झोप लागायली न्हवं?”

हाजराबीला हे पटलं नाही आणि सोडवलंही नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं तिचं चालू झालं. धोंडाबाई आली की ती ठरवायची, आज सांगायचंच. वर माळ्यावर गादी आणि खाली उंबऱ्यावर म्हातारी, मधे शिडीभर अंतर. आणि म्हातारी शेंगा ओतून म्हणायची, ‘झोप लागती गं,’ की ही खाली बघून शेंगा गोळा करत बसायची. मग रोजे आले. हाजराबीनं ठरवलं, ईद झाली की जायचं, शिरखुर्मा घेऊन जायचं आणि पाय धरायचे. ईद झाली, तर नणंद आली. नणंद गेली, तर सांधे पुन्हा धरले. ज्याला टाळायचं असतं त्याला निमित्तांचा तुटवडा पडत नाही, हे काय सांगायला पाहिजे?

धोंडाबाई एका बाजाराला आली नाही. दुसऱ्याही नाही. हाजराबीला वाटलं, ऊन वाढलंय, म्हातारं माणूस, कशाला येईल. आणि खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. एक दिवस सुटला.

तिसऱ्या बाजारच्या सकाळी घंटागाडी आली. मुज्तबा मागचं दार उघडून सुका कचरा खाली करत होता. बाटल्या, पुठ्ठे, एक मोडका पंखा. मग एक वाकळ, आणि वाकळीत गुंडाळलेली पट्ट्यापट्ट्याची उशी.

हाजराबी दारात होती. मुज्तबा नेहमीसारखा हळू आवाजात म्हणाला, “चाची, ही मय्यतवाली. अण्णारावची भावजय. परवा गेली, निजल्या जागी.”

मुज्तबानं दोनदा हाक मारली. साखराबाई आतून धावत आली आणि उशी बघून तिनं तोंडावर पदर धरला.

दोघी मागच्या खोलीत जाऊन बसल्या. उशी मांडीवर होती. मधोमध डोक्याएवढी खळगी पडली होती, तेलानं काळपट. हाजराबी त्यावरून हात फिरवत राहिली आणि कडेला आल्यावर हात थांबला. एका बाजूची टीप तिची नव्हती. तिनं पांढऱ्या दोऱ्यानं बारीक टीप घातली होती. ही काळ्या दोऱ्याची, लांब लांब, थरथरत्या हाताची.

“उसवली व्हती तिनं,” साखराबाई म्हणाली.

हाजराबीनं काळा दोरा कापला. आतला कापूस बाहेर आला. केंद्रावरचा कापूस, दहा घरचा, करडा, त्यात लाल-निळे धागे अडकलेले. आंधळ्यालाही कळावं की हा एका रानातला एका साली वेचलेला कापूस नाही. आणि जिनं तो स्वतःच्या हातानं वेचला होता, तिला का कळलं नसेल? कापसाच्या मधोमध काहीतरी होतं. पुरुषाचं बनियन. न धुतलेलं, मानेशी पिवळं पडलेलं. सारवलेल्या कोपऱ्यातनं, अण्णारावच्या नजरेतनं एवढं एक तिनं वाचवलं होतं, आणि लपवायला तिला जागा मिळाली ती ही.

तिला ठाऊक होतं. उशी खोटी आहे हे धोंडाबाईला ठाऊक होतं. कधीपासून? चंदनबटवा आणला त्याच्या आधीपासून की नंतर? ‘झोप लागती गं’ म्हणत होती तेव्हाही? भांडायला आली नाही. ‘रसूलभाईची खोटी आन घेतलीस’ असं एका शब्दानं म्हणाली नाही. उलट शेंगा घेऊन येत राहिली, उंबऱ्यावर बसत राहिली. आणि इथं हाजराबी घाबरत होती, की गादी नेली तर तिची झोप मोडेल. काहीच मोडलं नसतं. गाडीवर घालून नेली असती, अंगणात अंथरली असती, तर म्हातारी एकदा त्या खड्ड्यात निजली असती. एवढंच मागितलं होतं तिनं. येक डाव.

आता मात्र हाजराबी रडली. धूळबिळ काही म्हणाली नाही. मशिनीवरच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या, महामाया मॅडम स्कूटी लावून आत आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली, आणि कोणालाच सांगता येईना. शेवटी साखराबाईनं सांगितलं, सगळं, तपासणीच्या आठवड्यापासून. मॅडम ऐकत राहिली. तिच्या हातात पुढच्या स्पर्धेचा फ्लेक्स होता, गुंडाळलेला. तो तिनं भिंतीला टेकवला आणि खाली फरशीवर बसली.

“मला सांगायचं की, चाची,” ती म्हणाली. “मी ठेवली असती ती खोली तशीच.”

हाजराबीनं मान हलवली. खरंच ठेवली असती पोरीनं. सांगितलं असतं तर सगळ्यांनीच सगळं केलं असतं.

संध्याकाळी बाया गेल्यावर हाजराबीनं साखराबाईला थांबवून गादी माळ्यावरून पुन्हा खाली काढायला लावली. फरशीवर अंथरली. बनियन पुन्हा उशीत घातलं, त्याच्याभोवती तो परका कापूस भरला आणि काळ्या दोऱ्यानंच, धोंडाबाईच्याच भोकांतून, लांब लांब टीप घातली. मग उशी त्या खड्ड्यात ठेवली, खांद्याच्या जागेला लागून. हिरव्या ठिगळावरून एकदा हात फिरवला. घडी न घालता दोघींनी गादी तशीच आडवी धरून शिडीवरून वर चढवली. साखराबाई दमली, शिडीला टेकून उभी राहिली.

“भाबी,” तिनं विचारलं, “आता हिला न्यायला कोन यायचं हाय?”

“कोनी न्हाई,” हाजराबी म्हणाली. “पर तिचं चाळीसावं होईस्तोवर पिंजायचं नसतं.”